स्थिर आवृत्तीतील बायनरी सुसंगतता : पोस्टग्रेस डेटाबेस प्रणालीचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९८६ ते २०२५)

गोषवारा

संगणक प्रणालींच्या इतिहासात नव्या शोधांची नोंद सविस्तर होते. चालू असलेले मोडू न देण्यासाठी घेतलेल्या कष्टांची नोंद क्वचितच होते. प्रस्तुत लेखात पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये बायनरी सुसंगतता कशी राखली गेली, याचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही सुसंगतता एका बाइटच्या भरीमुळे मोडली. ती बाब सार्वजनिक चर्चेत प्रथम मांडणारे पवन देवलसी हे पुण्याच्या संगणक क्षेत्राशी दीर्घकाळ निगडित आहेत. त्या घटनेच्या आधारे, सुसंगतता ही प्रणाली लिहिणाऱ्याच्या संहितेपेक्षा ती वापरणाऱ्याच्या सवयींवरून ठरते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पोस्टग्रेस, बायनरी सुसंगतता, स्थिर आवृत्ती, जोडघटक, पुणे.

प्रस्तावना

इसवी सन २००० च्या आसपास महाविद्यालयात मराठी टंकलेखन केलेल्या प्रत्येकाला एक अनुभव परिचित आहे. एका संगणकावर तयार केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग दिसे. फाइल बिघडलेली नसे, तिच्यातील एकही बाइट बदललेला नसे. बदललेला असे तो त्या बाइटांचा अर्थ लावणारा फाँट. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि पुण्याच्याच सी-डॅकची जिस्ट परंपरेतील साधने एकाच शहरात तयार झाली, तरी ‘क’ या अक्षराचा तुकडा कोणत्या क्रमांकावर ठेवायचा याबाबत त्यांचे एकमत नव्हते. इस्की ही भारतीय मानक संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाणित झाली होती. पण फाँट तिच्यावर चालत नसत आणि छपाई फाँटवर चाले. युनिकोड रुळल्यावर हा त्रास ओसरला. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत, १९९६ साली, कोरियन हांगुल अक्षरांचे क्रमांक हलवले गेले आणि त्यातून झालेल्या गोंधळानंतर एकदा दिलेला क्रमांक कधीही हलवायचा नाही व काढून घ्यायचा नाही, असा नियमच त्या संस्थेने केला.

हे उदाहरण येथे घेण्याचे कारण असे की बायनरी सुसंगततेचा प्रश्न याच जातीचा आहे. दोन पक्ष एकाच बाइटांच्या रांगेकडे पाहतात आणि तिचा अर्थ एकच लागेल असे गृहीत धरतात. त्यांतील एका पक्षाने आपली मांडणी बदलली आणि दुसऱ्याला ते कळले नाही, तर गोंधळ होतो. फाँटच्या बाबतीत तो गोंधळ निदान डोळ्यांना दिसे. डेटाबेसच्या बाबतीत तो दिसेलच असे नाही.

संकल्पना

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. माणसाने लिहिलेली मूळ संहिता हे पहिले रूप आणि कंपायलरने तिच्यापासून तयार केलेली यंत्रभाषेतील बायनरी फाइल हे दुसरे. मूळ संहितेत प्रोग्रामर एखाद्या नोंदीचा उल्लेख नावाने करतो. कंपाइल होताना ते नाव गळून पडते आणि त्याच्या जागी अंतर येते : या रचनेच्या सुरुवातीपासून अमुक इतक्या बाइटांवर जे आहे ते घ्या. सी भाषेत लिहिलेल्या प्रणालींत हे विशेषत्वाने घडते आणि पोस्टग्रेस सी भाषेतच लिहिलेली आहे. म्हणून दोन स्वतंत्रपणे कंपाइल केलेल्या बायनरी एकत्र चालवायच्या असतील, तर रचनांचे आकार, त्यांतील नोंदींची अंतरे आणि फलनांना द्यावयाच्या घटकांची संख्या व क्रम या सर्व गोष्टी दोन्हींकडे एकसारख्या असाव्या लागतात. या मूक कराराला एबीआय, म्हणजे अॅप्लिकेशन बायनरी इंटरफेस, असे म्हणतात.

मूळ संहितेच्या पातळीवरील सुसंगतता यापेक्षा सैल असते. रचनेत नवी नोंद आली तरी जुन्या नोंदींची नावे तीच असतील, तर पुन्हा कंपाइल केले की काम भागते. बायनरी सुसंगततेत पुन्हा कंपाइल करण्याची मुभा नसते. एखाद्या रुग्णालयाच्या किंवा बँकेच्या सर्व्हरवर रात्री बारा वाजता डेटाबेसची दुरुस्ती-आवृत्ती बसवणारा तंत्रज्ञ प्रणालीची मुख्य बायनरी बदलतो. तिच्याशी जोडलेले इतर घटक, जे वेगळ्या संस्थांनी वेगळ्या वेळी कंपाइल केलेले असतात, तसेच राहतात.

विस्तारक्षमतेचा वारसा

पोस्टग्रेसला हा प्रश्न इतर डेटाबेसपेक्षा अधिक जाचतो आणि त्याचे मूळ तिच्या जन्मात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. अंक आणि अक्षरे यांपलीकडचे माहितीप्रकार, उदाहरणार्थ भौमितिक आकृत्या, वापरकर्त्याला स्वतः घडवता यावेत आणि त्यांच्यासाठी लागणारी फलने चालू सर्व्हरमध्ये भरता यावीत, हे त्या प्रकल्पाचे घोषित उद्दिष्ट होते. विद्यापीठीय प्रकल्प ४.२ या आवृत्तीनिशी संपला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्याला एसक्यूएल भाषेची जोड दिली व पोस्टग्रेस९५ तयार झाले. १९९६ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल हे आजचे अधिकृत नाव आले आणि जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी प्रकल्पाची सूत्रे हाती घेतली. मालक असा कोणी नाही, हे या प्रणालीचे वैशिष्ट्य तेव्हापासूनचे. (बोलण्यात मात्र ‘पोस्टग्रेस’ हेच सुटसुटीत नाव टिकले आणि या लेखातही तेच वापरले आहे.)

बाहेरची आज्ञावली सर्व्हरच्या पोटात घेण्याची ही सोय पुढे फार फळाला आली. नकाशे व भौगोलिक माहितीसाठी पोस्टजीआयएस आणि कालक्रमानुसार येणाऱ्या नोंदींसाठी टाइमस्केलडीबी हे आज सर्वपरिचित असलेले जोडघटक तिच्यामुळेच शक्य झाले. परंतु घरात घेतलेल्या पाहुण्याने कोणत्या खोलीत जावे, याला पोस्टग्रेसने फारशी मर्यादा घातली नाही. जोडघटकाला सर्व्हरच्या अंतर्गत रचना थेट पाहता येतात, त्यांवर लिहिता येते. खुले काय आणि खासगी काय, याची रेषा संहितेत आखलेली नाही. पुढील सर्व गुंतागुंत या उदारतेतून निर्माण झाली, असे म्हणावे लागते.

बंधनांची सुरुवात

पहिल्या काळात सर्व्हर आणि बाहेरील फलन यांच्यातील हाक मारण्याची पद्धत अत्यंत साधी होती. ती विविध यंत्रांवर अडखळे आणि रिक्त मूल्ये नीट हाताळत नसे. २००१ मध्ये आलेल्या ७.१ या आवृत्तीत तिच्याऐवजी नवी पद्धत आली. जुनी पद्धत मात्र लगेच बंद झाली नाही. ती २०१७ मधील दहाव्या आवृत्तीत काढली गेली. सदोष ठरलेली सोयदेखील सोळा वर्षे सांभाळली गेली, यावरून या समूहाचा स्वभाव कळतो.

दुसरा टप्पा डिसेंबर २००६ मधील ८.२ या आवृत्तीचा. तोवर ८.१ साठी कंपाइल केलेला जोडघटक चुकून दुसऱ्या आवृत्तीच्या सर्व्हरमध्ये भरला गेला, तर सर्व्हर तो निमूटपणे घेई आणि मग केव्हातरी कोसळे. ८.२ पासून प्रत्येक जोडघटकात ओळखीचा एक छोटा ठसा सक्तीचा झाला. हा जोडघटक कोणत्या प्रमुख आवृत्तीसाठी कंपाइल केला, फलनाला जास्तीत जास्त किती घटक देता येतात, नावाची कमाल लांबी किती, अशा मोजक्या गोष्टी त्यात नोंदलेल्या असतात. सर्व्हर भरणीच्या वेळी हा ठसा स्वतःच्या ठशाशी ताडून पाहतो आणि फरक आढळला तर जोडघटक नाकारतो.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ठशात फक्त प्रमुख आवृत्तीचा क्रमांक असतो. दहाव्या आवृत्तीपासूनच्या क्रमांकपद्धतीत १७.० आणि १७.१ या दोहोंची प्रमुख आवृत्ती १७ हीच होय. त्यामुळे १७.० साठी कंपाइल केलेला जोडघटक १७.१ च्या सर्व्हरला तपासणीत निर्दोषच वाटतो. दोन प्रमुख आवृत्त्यांमध्ये यंत्राचा पहारा आहे. एकाच प्रमुख आवृत्तीच्या दुरुस्त्यांमध्ये केवळ माणसांचा विवेक आहे. २०२२ मधील पंधराव्या आवृत्तीत ठशात आणखी एक रकाना आला, पण तो पोस्टग्रेसपासून फुटून निघालेल्या व्यापारी प्रणालींना आपले वेगळेपण नोंदवता यावे यासाठी होता. मूळ प्रश्न त्याने सुटला नाही.

पुणे आणि पोस्टग्रेस

डेटाबेस हा विषय पुण्याला नवा नव्हता. डॉ. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही मुळात डेटाबेसच्या क्षेत्रातून उभी राहिलेली कंपनी. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला आणि प्रणालीच्या गाभ्यात काम करणारी माणसे या शहरात घडू लागली. पुढे अमेरिकेत २००४ साली स्थापन झालेल्या एंटरप्राइजडीबी या पोस्टग्रेसवर आधारलेल्या कंपनीचे केंद्र पुण्यात आले. सेवाक्षेत्रातील कंपन्यांच्या झगमगाटात या कामाकडे शहराचे लक्ष फारसे गेले नाही, हे नमूद करावेसे वाटते.

याच कंपनीत असताना पवन देवलसी यांनी पोस्टग्रेसमध्ये ‘हीप ओन्ली टपल’, संक्षेपाने हॉट, ही सुधारणा केली. ती फेब्रुवारी २००८ मध्ये प्रकाशित झालेल्या ८.३ या आवृत्तीत समाविष्ट आहे. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ खोडली जात नाही, शेजारी नवी लिहिली जाते. पूर्वी अशा प्रत्येक बदलानंतर त्या सारणीच्या सर्व निर्देशिकांमध्येही नवी नोंद करावी लागे, मग निर्देशिकेतील रकान्यांना हातही लागलेला नसो. हॉटमुळे, नवी ओळ त्याच पानावर मावत असेल आणि निर्देशिकेतील रकाने बदललेले नसतील, तर ही सर्व नोंद टळते. वारंवार बदलणाऱ्या सारण्यांची फुगवटी त्यामुळे लक्षणीय कमी झाली.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हॉटमधील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, या ओळींना ओळखण्यासाठी लागणारी दोन चिन्हे कोठे ठेवली. प्रत्येक ओळीच्या शीर्षभागात रकान्यांची संख्या नोंदवण्यासाठी सोळा बिट राखलेले होते. एका सारणीत १६०० हून अधिक रकाने असूच शकत नसल्याने अकरा बिट पुरेसे होत. उरलेल्या पाच बिटांचा उपयोग ८.३ मध्ये खुणांसाठी मोकळा झाला आणि त्यांतील दोन हॉटकडे गेले. शीर्षभाग एका बाइटनेही वाढला नाही. दुसरी गोष्ट, एवढी उपयुक्त सुधारणा असूनही ती ८.२ च्या वापरकर्त्यांना दुरुस्ती-आवृत्तीतून दिली गेली नाही. नवे वर्तन नव्या प्रमुख आवृत्तीत आणि स्थिर आवृत्तीत केवळ दोषनिवारण, हा दंडक तोपर्यंत पक्का झाला होता.

दुरुस्ती-आवृत्तीचा विश्वास

पोस्टग्रेसची प्रमुख आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि तिची देखभाल पाच वर्षे होते. दुरुस्ती-आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत येतात. प्रमुख आवृत्ती बदलताना सर्व जोडघटक नव्याने कंपाइल करावे लागतात, माहितीचे स्थलांतर करावे लागते, चाचण्या घ्याव्या लागतात. त्यासाठी संस्था महिनोन्‌महिने तयारी करतात. दुरुस्ती-आवृत्तीला यांतले काहीच करावे लागू नये अशी अपेक्षा असते : सर्व्हर थांबवा, बायनरी बदला, पुन्हा सुरू करा.

ही अपेक्षा सोयीपुरती असती तर तिच्या भंगाचे एवढे महत्त्व नव्हते. दुरुस्ती-आवृत्तीतून सुरक्षिततेचे दोष दूर होतात. दुरुस्ती बसवल्याने चालू यंत्रणा कोसळते असा अनुभव एकदा आला, की तंत्रज्ञ पुढची दुरुस्ती लांबणीवर टाकतो आणि ज्ञात दोष उघडे राहतात. बायनरी सुसंगततेचा भंग म्हणूनच सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

इतरत्र हा प्रश्न कसा सोडवला गेला, हे पाहण्यासारखे आहे. लिनक्सच्या गाभ्याने वापरकर्त्याच्या प्रोग्रामांसाठीचा इंटरफेस काटेकोरपणे टिकवला, पण गाभ्याच्या आतील इंटरफेस स्थिर ठेवण्यास उघडपणे नकार दिला. आत येऊ इच्छिणाऱ्याने आपली संहिता मूळ प्रकल्पातच द्यावी, अशी त्यांची भूमिका आहे. पोस्टग्रेसला हा मार्ग मोकळा नव्हता. बाहेरच्यांना आत घेणे हेच तिचे जन्मप्रयोजन होते.

लिखित नियम नसतानाही, स्थिर शाखांमध्ये बदल करणाऱ्यांत काही संकेत रूढ झाले. फलनाचे घटक बदलायचे नाहीत. गरज पडली तर नव्या नावाचे दुसरे फलन लिहायचे. रचनेतील असलेल्या नोंदींचा क्रम हलवायचा नाही. नवी नोंद अपरिहार्य असेल तर ती रचनेच्या शेवटी जोडायची, म्हणजे आधीच्या सर्व नोंदींची अंतरे कायम राहतात. ही परंपरा चर्चांतून आणि एकमेकांच्या कामाच्या परीक्षणातून पुढच्यांकडे जात राहिली. गुरुकुलात पाठांतर चालावे तसे हे चालले, आणि पाठांतराचे गुणदोष दोन्ही त्यात होते. २०२४ मध्ये मात्र हे संकेत अधिकृत दस्तऐवजात मांडले गेले. एका प्रमुख आवृत्तीच्या कोणत्याही दुरुस्तीसाठी कंपाइल केलेला जोडघटक तिच्या मागच्या-पुढच्या इतर दुरुस्त्यांवरही चालावा, हा सर्वसाधारण हेतू तेथे नोंदवला आहे. बदल करावाच लागला तर नवी नोंद रचनेतील मोकळ्या जागेत बसवणे किंवा शेवटी जोडणे असे कमीत कमी त्रासाचे मार्ग अवलंबले जातील, असेही म्हटले आहे. हे लिहून झाल्यानंतर काही महिन्यांतच नोव्हेंबर आला.

नोव्हेंबर २०२४

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी १७.१, १६.५, १५.९, १४.१४, १३.१७ आणि १२.२१ या दुरुस्ती-आवृत्त्या प्रकाशित झाल्या. चार सुरक्षादोषांचे आणि ३५ हून अधिक अन्य दोषांचे निवारण त्यांत होते. त्यांतील एक दोष जुना आणि गंभीर होता. पोस्टग्रेस आपल्या अंतर्गत सूचीतील काही नोंदी, वेगासाठी, नवी ओळ न लिहिता जागच्या जागी बदलते. त्याच क्षणी दुसऱ्या कोणी त्याच ओळीची नेहमीच्या पद्धतीने नवी प्रत काढली, तर जागच्या जागी केलेला बदल हरवण्याची शक्यता होती. यावर उपाय म्हणून ओळ वाचण्यापूर्वी तिला कुलूप लावायचे की नाही, हे लक्षात ठेवणारी एक होय-नाही नोंद ‘रिझल्टरेलइन्फो’ नावाच्या रचनेत घालण्यात आली. होय-नाही नोंद म्हणजे एक बाइट. संकेताप्रमाणे स्थिर शाखांमध्ये ती रचनेच्या शेवटी जोडली गेली.

चूक झाली ती येथे. आणि ती संकेत मोडून झालेली नाही, पाळून झालेली आहे. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर अशा रचनेचा आकार आठच्या पटीत ठेवला जातो. म्हणून एक बाइट जोडला तरी रचना आठ बाइटांनी वाढली : १७.० मध्ये ती ३७६ बाइटांची होती, १७.१ मध्ये ३८४ बाइटांची झाली. रचना एकेकटी वापरली जात असती, तर याने सहसा बिघडले नसते. पोस्टग्रेसचा स्मृतिवाटप करणारा भाग अशा आकाराची मागणी दोनच्या घातापर्यंत वर नेतो. ३७६ मागा किंवा ३८४ मागा, पदरात ५१२ बाइटच पडतात. पण ही विशिष्ट रचना काही ठिकाणी ओळीने मांडलेली असते, आणि जोडघटकांना त्या ओळीतून क्रमांकाने हवी ती रचना उचलावी लागते. १७.० साठी कंपाइल झालेला जोडघटक दुसरी रचना ३७६ व्या बाइटपासून सुरू होते असे मानतो, १७.१ चा सर्व्हर ती ३८४ व्या बाइटपासून मांडतो. दहाव्या रचनेपर्यंत जाईतो जोडघटक ३३८४ वर पाहत असतो आणि रचना ३४५६ वर असते. शेवटी जोडण्याच्या संकेतामागे रचना एकटी असते हे गृहीतक होते, आणि ते कोणी कधी उच्चारलेले नव्हते.

प्रकाशनाच्या त्याच दिवशी पवन देवलसी यांनी विकसकांच्या सार्वजनिक चर्चेत ही बाब मांडली. जोडघटक लहान आकाराची रचना तयार करून सर्व्हरकडे देईल, सर्व्हर ती मोठी आहे असे समजून पलीकडच्या स्मृतीवर लिहील, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. ती केवळ तर्काची नव्हती : १७.० साठी कंपाइल केलेला टाइमस्केलडीबी १७.१ च्या सर्व्हरवर चालवला असता चाचण्या फसत होत्या. नवी नोंद रचनेतील मोकळ्या जागेत ठेवता आली असती, असेही त्यांनी सुचवले.

इतर कोणाच्याही नजरेतून हे का सुटले, याचे उत्तर साधे आहे. सर्व्हर आणि जोडघटक एकाच वेळी, एकाच संहितेवरून कंपाइल करून चाचणी घेतली, तर ही चूक कधीच दिसत नाही. दोन्हींकडे ३८४ हाच आकार असतो. पोस्टग्रेसचे विकसक बहुधा अशीच चाचणी घेत आले होते. जुना जोडघटक आणि नवा सर्व्हर ही जोडी फक्त वापरकर्त्याच्या यंत्रावर, किंवा वापरकर्त्याची परिस्थिती मुद्दाम उभी करणाऱ्याच्या प्रयोगशाळेत, एकत्र येते.

त्याच आवृत्तीत आणखी एक बिघाड उघडकीस आला. एका सुरक्षादोषाच्या निवारणामुळे, वापरकर्त्याला ठरावीक भूमिका आपोआप लागू करणारी आज्ञा निकामी झाली होती. दोन्ही कारणांनी नेहमीचे वेळापत्रक मोडून आठवड्याच्या आत, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, १७.२ आणि तिच्या भावंडांचे प्रकाशन झाले. १२.२१ ही बाराव्या आवृत्तीची शेवटची दुरुस्ती म्हणून घोषित झाली होती. निरोप घेतलेल्या त्या आवृत्तीलाही १२.२२ साठी परत यावे लागले. रचनेतील भर मात्र १४ ते १७ या चार आवृत्त्यांतच गेली होती, म्हणून ती दुरुस्ती तेवढ्यांतच करावी लागली.

टॉम लेन यांनी केलेली ती दुरुस्ती अल्पाक्षरी आहे. रचनेच्या मध्यभागी आधीपासून एक होय-नाही नोंद होती. तिच्यानंतर येणारा पत्ता आठच्या पटीतील जागेवरच सुरू होत असल्याने मधले सात बाइट रिकामे पडत होते. नवी नोंद शेवटून उचलून या पोकळीत ठेवण्यात आली. रचना पुन्हा ३७६ बाइटांची झाली. विशेष म्हणजे विकासाच्या मुख्य शाखेत, जेथे सुसंगततेचे बंधन नव्हते, तेथे ही नोंद सुरुवातीपासून याच पोकळीत होती. काळजी म्हणून केवळ स्थिर शाखांत तिला शेवटी नेले होते. या दुरुस्तीचा एक परिणाम फारसा चर्चेत आला नाही. मधल्या आठवड्यात ज्यांनी तत्परतेने आपला जोडघटक १७.१ साठी पुन्हा कंपाइल केला होता, आणि ज्यांचा जोडघटक ही रचना ओळीतून उचलत होता, त्यांच्यापुढे १७.२ ने तोच प्रश्न उलट दिशेने उभा केला. ज्यांनी काहीच केले नव्हते ते सुखरूप राहिले.

नंतरची व्यवस्था

घटनेनंतरच्या चर्चेत कोणा एकावर दोष ठेवला गेला नाही. प्रश्न विचारला गेला तो पहारा यंत्राकडे का नाही हा. रचनांचे आकार व अंतरे दोन बायनरींमधून काढून त्यांची तुलना करणारी साधने उपलब्ध होतीच; लिबअॅबिगेल हे त्यांतील एक. २००४ पासून स्वयंसेवकांच्या निरनिराळ्या यंत्रांवर पोस्टग्रेसची अखंड चाचणी घेणाऱ्या ‘बिल्डफार्म’ या व्यवस्थेला २०२५ मध्ये अशा तुलनेची जोड मिळाली. स्थिर शाखेतील प्रत्येक बदलानंतर आधीच्या बायनरीशी ताळा होतो आणि फरक आढळल्यास तो प्रकाशनाआधी समोर येतो.

यंत्र फरक दाखवते. तो घातक आहे का, हे सांगत नाही. शेवटी जोडलेली नोंद नव्याण्णव रचनांत निरुपद्रवी आणि शंभराव्या रचनेत घातक ठरते, कारण त्या एका रचनेला बाहेरचे कोणी ओळीने मोजत असते. तो निर्णय आजही माणसालाच करावा लागतो आणि तो करताना आपली रचना कोण कशी वापरतो हे शोधावे लागते. मुक्तस्रोत जोडघटकांची संहिता त्यासाठी चाळता येते. एखाद्या संस्थेच्या आतच राहणारे, कधी प्रकाशित न झालेले जोडघटक कोणाला चाळता येत नाहीत, आणि पुण्यासारख्या शहरात तसे जोडघटक अनेक कचेऱ्यांत असणार.

चौसष्ट बिटांच्या यंत्रावर रिझल्टरेलइन्फोमधील त्या पोकळीत सात बाइट रिकामे होते. चौदा ते सतरा या आवृत्त्यांमध्ये आता सहा उरले आहेत.